पोपटीचं मडकं, शेगडीची जाळी आणि हातमोजे: नक्की कुठले घ्यावेत?

मडकेबुवा (१६ नोव्हेंबर)

मंडळी, नमस्कार.

आमच्याकडे दरवर्षी जानेवारीत पोपटी असते. पेणच्या अलीकडे मेव्हण्याची वाडी आहे, वीसेक माणसं जमतात, आणि मडकं जाळातून बाहेर काढायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. (का ते विचारू नका. असली कामं एकदा केली की सातबाऱ्यावर चढतात.) पद्धत ठरलेली: गोणपाटाचे दोन जाड तुकडे पाण्यात भिजवून पिळायचे, त्यांनी मडकं दोन्ही बाजूंनी धरायचं आणि चार पावलांवर अंथरलेल्या केळीच्या पानांपाशी न्यायचं.

गेल्या जानेवारीत तिसऱ्या पावलावर उजव्या हाताची तीन बोटं भाजली. चांगले फोड आले. मडकं सोडलं मात्र नाही, कारण आत दीड किलो कोंबडी होती आणि मेव्हणा समोर उभा होता. मला कळत नाही ते हे, की गोणपाट ओलं असूनही भाजलं कसं?

तर यंदा हातमोजे घ्यायचे ठरवलंय. गच्चीवर कोळशाची शेगडीही आहे, तिची जाळी उचलणं, सळया फिरवणं यालाही वापरता येतील असे हवेत. ऑनलाइन बघितलं तर कुणी म्हणतं ५०० अंश, कुणी म्हणतं ८००. दोनशे रुपयांतही ८०० आणि दोन हजारांतही ८००. कुणी प्रत्यक्ष वापरलेत का?

चिमटा

पहिला!

पोपटी म्हणजे काय ते घाटावरच्यांना सांगा आधी. मला वाटलं पोपटी रंगाचे हातमोजे हवेत.

मडकेबुवा

चिमटा, रायगडची थंडीतली गोष्ट आहे हो. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, कोंबडी, वर ओवा आणि जाडं मीठ. तोंड पुन्हा पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं पेटवायची. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र वाजलं की झालं.

पदरखोच

माझ्या आजीनं ऐंशी वर्षं पदरानं पातेली उतरवली. हातमोजे कसले घेताय.

साधी_भाकर

पदरखोच, तुमच्या आजीचा पदर सुती होता. आजच्या साड्यांचा पदर घेऊन गॅसपाशी जाऊ नका, कृपा करून. पॉलिएस्टर पेटतो त्याआधी वितळतो आणि कातडीला चिकटून बसतो.

बुवा, मी शेतावरच्या चुलीसाठी वेल्डिंगचे चामडी हातमोजे वापरते, कोपराच्या जरा अलीकडेपर्यंत येणारे. पुण्यात बोहरी आळीतून घेतले होते, तीनशेच्या आसपास पडले. लाकूड सरकवणं, तवा धरणं, निखारे ओढणं यासाठी झकास. फक्त मी डाव्या हातानं तवा धरते आणि उजव्यानं उलथनं, त्यामुळे डावा जळून फाटला आणि उजवा नवाकोरा पडून आहे. आता एकच डावा कोण विकतो?

चिमटा

डाव्या बाजूचं दुकान शोधा.

ओतारी (१७ नोव्हेंबर)

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, वीस वर्षं झाली. हातमोजे हा आमचा रोजचा विषय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी त्या ८०० अंशांचं बघू. हा आकडा बहुतेक परदेशी जाहिरातीतल्या १४७२ फॅरनहाइटवरून आलेला असतो. त्याचे बरोबर ८०० सेल्सिअस होतात. आता अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० ला. म्हणजे ८०० ला ते पाण्यासारखं वाहतं. बुवा, तुम्ही कोंबडी भाजताय का पिस्टन ओतताय? त्या हातमोज्यांत बहुतेक अरामिड धागा असतो, ज्याला आपण केवलार किंवा नोमेक्स म्हणून ओळखतो. धागा चांगलाच, तो वितळत नाही. पण ५०० च्या आसपास त्याचाही कोळसा व्हायला लागतो. दोन सेकंद ज्वाळेतून हात फिरवला आणि काही झालं नाही, एवढ्यावर ८०० छापून मोकळे होतात.

खरं बघायचं ते हातमोज्यावरचं ज्वाळेचं चित्र, त्याखाली ईएन ४०७ (उष्णतेपासून बचावाच्या हातमोज्यांचं युरोपी मानक) आणि सहा आकडे. पहिला आकडा हातमोजा पेटतो का त्याचा. दुसरा तुमच्या कामाचा, म्हणजे तापलेल्या वस्तूला थेट स्पर्श. तिथं १ असेल तर १०० अंश, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५० आणि ४ म्हणजे ५००. पुढचे चार गरम हवा, लांबून लागणारी धग, वितळलेल्या धातूचे शिंतोडे आणि धातूचा लोट. आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी केलेलीच नाही.

आणि आता मेख. दुसऱ्या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्या तापमानाची वस्तू धरल्यावर आतल्या बाजूला १० अंशांनी तापमान वाढायला निदान १५ सेकंद लागले. पंधरा सेकंद! कायमचं नव्हे. तुमची चार पावलं बसतात त्यात. पण मडकं हातात धरून फोटो काढायला थांबलात तर हातमोज्याला दोष देऊ नका.

मडकेबुवा

ओतारी, फोटोचं कुणी सांगितलं तुम्हाला? 😅 तिसऱ्या पावलावर थांबायला लावलं होतं खरं. भाचीला रील करायचं होतं.

पण ओल्या गोणपाटाचं राहिलं.

ओतारी

राहिलं खरं. कापड उष्णता अडवतं ते धाग्यामुळे कमी आणि धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे जास्त. तुम्ही ते भिजवलंत म्हणजे हवा काढून तिथं पाणी भरलंत. पाणी हवेच्या साधारण चोवीसपट उष्णता वाहून नेतं. पहिले काही सेकंद गार वाटतं, कारण पाणी स्वतः तापत असतं. मग ते उकळतं आणि वाफ बाहेर पडायला एकच वाट उरते, तुमच्या बोटांकडची. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून ३७ अंशांपर्यंत निवलं तर ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच ५४० देते. म्हणून वाफेचा चटका वेगळाच असतो.

आमच्याकडे नवीन पोरगा घामानं भिजलेले मोजे घालून आला तर परत पाठवतो. कोरडं म्हणजे कोरडं.

बामणोदकर

थांबा थांबा. मग आमच्याकडे भरिताची वांगी सोलताना बोटं पाण्यात बुडवतात ते काय? खळ्यावर कपाशीच्या पळाट्यांवर शंभर-शंभर वांगी भाजतात, भाजणारा वाटीत बोटं बुडवतो आणि धगधगतं वांगं सरसर सोलतो. भाजत नाही कुणाला. पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

(आणि हो, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. पुण्यातल्या काळ्या वांग्याचं करून त्याला खान्देशी म्हणू नका.)

ओतारी

दोन्ही खरं आहे भावा. वांगं सोलताना बोट अर्धा सेकंद लागतं आणि परत गार पाण्यात जातं. पाणी तापायच्या आत तुम्ही बदलता. बुवांनी तेच पाणी दहा-बारा सेकंद धरून ठेवलं. ओल्या बोटानं इस्त्री तापली का बघतो आपण, पण त्याच बोटानं इस्त्री धरून बसत नाही.

पदरखोच

एवढं सगळं करण्यापेक्षा सांडशी घ्या. वीस माणसांच्या मडक्याला मोठी सांडशी लोहार करून देतो.

नेकारकाठची

आमच्याकडे तिला गावी म्हणतात.

चिमटा

आणि आमच्याकडे पक्कड. आमच्या घरातला संवाद: आई, "गावी कुठे गेली?" बाबा, "कोण गेली गावी?" लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी हा विनोद रोज होतो आणि रोज फक्त बाबाच हसतात.

पदरखोच

गावी नव्हे, सांडशीच. गावी हा प्रकार वेगळा असतो, तिचं तोंड वाकडं असतं.

नेकारकाठची

तोंड वाकडं माझं झालंय तुमचं वाचून. आमच्या घरी सरळ तोंडाचीच गावी होती.

*(इथे सांडशी-गावीवर सतरा प्रतिसाद आले. त्यासाठी नवीन धागा काढलाय, तिकडे जाऊन भांडा. – संपादक)*

मडकेबुवा

सांडशीनं मडकं धरता येत नाही हो. मडक्याचा काठ खाली आणि बूड वर, म्हणजे धरायला काठच नाही. शिवाय मातीच्या मडक्याला चिमट्यानं दाब दिला की टवका उडतो. एकदा मेव्हण्यानं फावड्यानं उचलायचा प्रयत्न केला होता. त्या वर्षी पोपटी राखेसकट खाल्ली.

गुळभेंडी (१८ नोव्हेंबर)

आमच्याकडे बार्शीला हुरडा चोळणाऱ्याला हातमोजे दिले तर तो उठून जाईल. 😀 आगटीतनं (निखाऱ्यांच्या खड्ड्यातनं) कणीस काढलं की तसंच गरम गरम चोळायचं, गार झालं की दाणा सुटत नाही. माझे चुलते साठीत आहेत, तळहाताला घट्टे असे की निखारा उचलून बिडी पेटवतात.

गंमत सोडा, पण मी गेल्या वर्षी सुती होजिअरीचे मोजे घालून बघितले. चटका कमी बसला, पण कणसाचं कूस मोज्यात अडकलं आणि दिवसभर हात खाजत होता. शिवाय दाणा किती भाजलाय हे तळहाताला कळतं, मोज्यातनं कळत नाही. कच्चा हुरडा पाहुण्यांना दिला की आमच्याकडे आयुष्यभर बोलून दाखवतात.

साधी_भाकर

गुळभेंडी म्हणतात ते महत्त्वाचं आहे. जितकं जाड, तितकं बोटांना काही कळेनासं होतं. वेल्डिंगचे मोजे घालून मला शेंगदाणासुद्धा उचलता येत नाही. सळयांना ते नकोतच.

चिमटा

आमच्या सासूबाईंना कसलेच मोजे लागत नाहीत. तव्यावरची भाकरी बोटानं फिरवतात. हात अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत.

दादरचा_डबा

अ‍ॅस्बेस्टॉसवरून आठवलं. वडील गिरणीत बॉयलरवर होते. त्यांचे खरेच अ‍ॅस्बेस्टॉसचे हातमोजे माळ्यावर आहेत, राखाडी पांढरे, जाडजूड. ते बुवांच्या कामाला येतील का? नाहीतर पडूनच आहेत.

ओतारी

अजिबात नको! झटकूही नका, धुऊही नका, दाखवायला म्हणून हातातही घालू नका. जुन्या कापडातून तंतू सुटतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. हलकं पाणी फवारून, दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये बांधून, वर लिहून ठेवा आणि महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारून घातक कचऱ्यात द्या. भंगारवाल्याला नको, तो बिचारा हातानं उसवत बसेल.

बाह्यरुग्ण

ओतारींशी शंभर टक्के सहमत. कर्करोग होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे, आणि तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, म्हणून लोकांना त्याची भीती वाटत नाही. दादरचा_डबा, वडिलांना धाप, कोरडा खोकला असेल तर छातीच्या डॉक्टरांना गिरणीतल्या कामाचं आवर्जून सांगा.

इथे आलोच आहे तर भाजल्यावर काय करावं हेही लिहितो, कारण बुवांनी काय केलं ते लिहिलेलं नाही आणि मला अंदाज आहे.

मडकेबुवा

टूथपेस्ट लावली डॉक्टर.

बाह्यरुग्ण

वाटलंच. वाहत्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस हात काढून घेतो. वाडीवर नळ नसेल तर तांब्यानं सतत पाणी ओतत राहा. बर्फ नको, त्यानं कातडीचं आणखी नुकसान होतं. टूथपेस्ट, हळद, कणीक, शाई, तूप काही नको. नंतर ते खरवडून काढायला आम्हालाच लागतं, आणि ते खरवडणं भाजण्यापेक्षा वाईट असतं. अंगठी, बांगड्या, कडं लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. फोड फोडू नका. तळहात, चेहरा, सांधे, किंवा तळहाताएवढी जागा भाजली असेल तर दवाखाना.

हातमोज्यांबद्दल एकच सांगतो. ते एका झटक्यात निघायला हवेत. घट्ट मोज्यात उकळतं पाणी किंवा तेल शिरलं तर तो मोजा म्हणजे हाताला बांधलेलं उकळतं भांडं. असे रुग्ण पाहिलेत. हात खाली करून झटकला की मोजा उडाला पाहिजे, एवढा सैल घ्या.

टेक्सासचा_तात्या

मी उशिरा आलो, क्षमस्व. इथे शनिवार-रविवारी ब्रिस्केट (गाईच्या छातीच्या मांसाचा मोठा तुकडा) करतो. बारा-चौदा तास मंद धुरात, आतलं मांस ९५ सेल्सिअसला आलं की उतरवायचं. एवढा सहा किलोचा लिबलिबीत गोळा चिमट्यानं उचलला तर दोन तुकडे होतात, हातच लागतात.

माझ्याकडे तीन जोड आहेत आणि बायको म्हणते तेवढी तिच्याकडे हातात घालायला कडी नाहीत.

जाळी, कोळशाचं नळकांडं, झाकण यांना चामडी. मात्र चामडं पुन्हापुन्हा तापलं की आकसतं, कडक होतं. माझे दोन वर्षांत एक माप लहान झाले.

मांसाला आत पातळ सुती मोजा आणि वर नायट्राइलचा, डॉक्टरांचा असतो तो. नुसता नायट्राइल उष्णता अडवत नाही, हे मी एकदाच शिकलो. सुती मोज्यामुळे अर्धा मिनिट मिळतो, आणि वरचा खाऊन झाल्यावर टाकून देता येतो. बोटंही मोकळी राहतात. बुवा, पोपटी सोलायला, कोंबडीचे तुकडे वाटायला हेच घ्या.

तिसरा अरामिडचा, तळव्यावर सिलिकॉनच्या रेघा असलेला. हा सगळ्यात आधी घेतला आणि सगळ्यात कमी वापरतो. विणकाम असल्यानं चरबी, पाणी, रस सगळं आत जातं. ओतारी म्हणाले तेच, ओलं झालं की संपलं. ओव्हनमधला कोरडा ट्रे काढायला उत्तम. शिवाय तो ब्लीचमध्ये धुवायचा नाही आणि उन्हात वाळवायचा नाही, दोन्हींनी धागा कमजोर होतो, हे मला दोन्ही करून झाल्यावर कळलं.

पदरखोच

तीन जोड घेऊन मांस उचलायचं. आमच्यात मांस खाऊनही एक जोड लागत नाही.

नेकारकाठची

जर्मनीत राहते, म्हणून एक भर. युरोपात २१ एप्रिल २०१८ पासून घरगुती ओव्हनचे हातमोजेसुद्धा सुरक्षा साधनांच्या नियमात आले. आधी घरगुती वापराचे त्यातून वगळलेले होते. म्हणजे आता फुलाफुलांचे गोंडस मोजे विकायचे तरी उष्णतेपासून बचावाची चाचणी लागते. त्यामुळे इकडून कुणी येणार असेल तर मागवायला हरकत नाही, पण आकडे वाचूनच. माझ्या स्वयंपाकघरातल्या मोज्यावर स्पर्शाला २ आहे आणि तेवढा पुरतो, ओव्हन २५० च्या वर जातच नाही.

पूर्ण सिलिकॉनचेही मिळतात. उकळतं पाणी, वाफ आत जात नाही, ही त्यांची मोठी सोय. मोदकांची चाळणी उतरवायला मी तेच वापरते. पण कोळशावर नाही हं. सिलिकॉन साधारण २३० पर्यंत नीट राहतं, निखारा त्याच्या कितीतरी वर असतो.

बामणोदकर

मोदकांसाठी हातमोजे. उकडीला बोटं जळली नाहीत तर ते मोदक कसले.

साधी_भाकर

बुवा, एवढ्या चर्चेनंतर तुमचं काम दोन वेगळ्या जोडांचं दिसतंय. मडक्याला कोरडे, लांब, चामडी. वाटायला तात्यांचे सुती अधिक नायट्राइल. आणि पाण्याची बादली हात बुडवायला नाही, भाजलं तर ओतायला.

मडकेबुवा

पटलं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाऊन येतो, हातात घालून बघून घेईन.

मडकेबुवा (२४ नोव्हेंबर)

गेलो होतो. दुकानदाराला ईएन ४०७ म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुठल्या कंपनीतून आलात?" मी म्हटलं, पोपटीसाठी हवेत. तो नागोठण्याचा निघाला. मग चहा झाला.

चामडी घेतले, आत सुती अस्तर, स्पर्शाला ३. महाग पडले, घरी किंमत अर्धी सांगितली आहे, इथे कुणी घरातलं वाचत असेल तर तीच खरी.

ओतारी

३ पुरे. नवीन चामड्याला आधी वास येतो, एकदा शेगडीवर नुसते घालून वापरा म्हणजे पोपटीला कारखान्याचा वास लागणार नाही.

चिमटा (२० जानेवारी)

बुवा जिवंत आहेत का? धागा वर काढतोय.

मडकेबुवा (२१ जानेवारी)

आहे, आहे. पोपटी शनिवारी झाली.

मडकं दोन्ही हातांनी पोटापाशी घेऊन चार पावलं चाललो, हाताला कोमट लागलं एवढंच. पण एक गोष्ट इथे कुणीच सांगितली नव्हती. हात वाचले, पण पोटावरच्या स्वेटरला धग लागून लोकरीचा वास आला. पुढच्या वर्षी जाड सुती एप्रन. तोंडाचा पाला काढताना वाफेचा भपकाराही तोंडावर येतो, मडकं आपल्यापासून लांब कलतं करून मगच पाला ओढायचा. वाटायला सुती-नायट्राइल, एकदम फक्कड. मेव्हणीनं तर मोजे काढलेच नाहीत, त्यातच जेवली.

भाचीला रीलसाठी मडकं खाली ठेवल्यावर बोलावलं. ओतारी, मोजून अकरा सेकंद लागले.

आता अडचण. चामडी मोजे ओट्यावर ठेवले होते, त्यांना कोंबडीचा आणि भांबुर्ड्याचा वास. वाडीवरच्या कुत्र्यानं रात्री उजवा पळवला. सकाळी शोधला तेव्हा अंगठा तेवढा सापडला.

साधी_भाकर, तुमचा तो नवाकोरा उजवा अजून आहे का?

साधी_भाकर

आहे. पण पाठवणार नाही. पुढच्या पोपटीला बोलवा, घालूनच येते.